तालमींच्या गावाला एक हिरवळ हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या कोल्हापुरातील मोकळ्या जागांचे काय करावे, याविषयी आपल्या वृत्तपत्रात गेले काही आठवडे वाचकांची पत्रे येत आहेत आणि मी ती आस्थेने वाचते आहे. कुणी वाहनतळ मागतो, कुणी बाग, कुणी मुलांना फुटबॉलचा सराव करता येईल असे मैदान. मागण्या रास्तच आहेत. मात्र साठी ओलांडलेल्यांचा विषय निघाला की त्यांच्यासाठी बसण्याचीच सोय मागितलेली दिसते: सावलीतले बाक, रंकाळ्यावर आहे तसा एखादा कट्टा, फार तर चालण्यासाठी फरसबंद वाट. वय झालेल्या माणसाला खेळावेसे वाटत असेल आणि त्यासाठी त्याला हक्काची जागा हवी असेल, हे कुणाच्या मनात आलेले दिसत नाही. मी ३१ वर्षे शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले. आज माझे वय ६८ आहे. ज्या जागेची मागणी कुणीच केली नाही, तिच्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ज्या खेळाच्या आधारे मी हे मागणे मांडते आहे, तो लॉन बोल्स, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळत नेण्याचा खेळ. २ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींनी अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १७–१० असे हरवले आणि भारताला या खेळातले पहिलेवहिले पदक, तेही सुवर्ण, मिळवून दिले. त्याच स्पर्धेत पुढे पुरुषांच्या चौकडीने रौप्यपदक पटकावले. त्या आठवड्यात माझ्या काही जुन्या विद्यार्थिनींचे फोन आले, ‘बाई, हा कसला खेळ?’ मला उत्तर देता आले नाही, आणि जन्मभर खेळ शिकवलेल्या बाईला ते मनाला लागून राहिले. मग वाचायला लागले. लव्हली चौबे मूळच्या धावपटू, नयनमोनी भारोत्तोलन करणाऱ्या. दोघींचाही पहिला खेळ दुखापतीमुळे सुटला आणि त्या या खेळाकडे वळल्या. एक खेळ शरीराने हिरावून घेतल्यावर दुसरा खेळ त्यांना सामावून घेतो, ही गोष्ट खो-खोत दोन्ही गुडघे घालवून बसलेल्या माझ्यासारखीला पदकापेक्षाही मोठी वाटली.

खेळ मांडायला सोपा आणि साधायला कठीण आहे. साधारण ४० मीटर लांब-रुंद अशी सपाट, अगदी बुटके गवत राखलेली हिरवळ, तिच्या कडेने चर, आणि हिरवळीवर शेजारी-शेजारी आखलेल्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर एक सामना. आरंभी जॅक नावाचा लहानसा पांढरा किंवा पिवळा चेंडू घरंगळत पुढे पाठवायचा, तो किमान २३ मीटर दूर जावा लागतो, आणि मग छोट्या चटईवर पाय ठेवून आपले गोळे एकामागून एक त्याच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन थांबवायचे. गल्लीत गोट्या खेळलेल्या कुणालाही यातले मर्म लगेच कळेल. पण येथे एक मेख आहे. गोळा पुरता गोल नसतो. त्याची एक बाजू दुसरीहून किंचित वेगळ्या गोलाईची असते, त्यामुळे वेग ओसरू लागला की तो त्या अंगाला झुकतो आणि वळत जातो. पूर्वी हा कल आणण्यासाठी लाकडी गोळ्यात शिसे भरत. आता तो आकारातूनच साधतात. म्हणजे नेम जॅकवर धरून चालतच नाही. नजर बाजूला ठेवायची आणि वळून घरी यावा एवढाच वेग गोळ्याला द्यायचा. गोळ्याचे वजन जेमतेम दीड किलो असते, त्यामुळे दंडातल्या ताकदीला येथे फारसे काम नाही. हाताचा अंदाज, समोरच्या गवताची पारख आणि आपली पाळी येईपर्यंत शांत राहण्याची सवय ही खरी भांडवलाची बाजू, आणि ती वयाबरोबर कमी होत नाही.

त्याच बर्मिंगहॅम स्पर्धेत स्कॉटलंडच्या रोझमेरी लेंटन यांनी दिव्यांगांच्या दुहेरीत वयाच्या ७२ व्या वर्षी सुवर्णपदक मिळवले. त्याच स्पर्धेत दृष्टिबाधित खेळाडूला दिशा सांगणारे त्यांच्याच देशाचे जॉर्ज मिलर ७५ व्या वर्षी सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. राष्ट्रकुल स्पर्धांच्या इतिहासात एवढ्या वयाचा विजेता त्याआधी झाला नव्हता. आपल्याकडे या वयाच्या माणसाला आपण खुर्ची पुढे करतो.

पुढे मुलीकडे मेलबर्नला तीन महिने राहण्याचा योग आला, आणि हा खेळ प्रत्यक्ष पाहता आला. मुलीच्या शेजारी राहणाऱ्या ८१ वर्षांच्या आजी मला एका शनिवारी त्यांच्या गल्लीच्या टोकाशी असलेल्या क्लबात घेऊन गेल्या. त्यांना कमरेतून वाकता येत नव्हते. गोळा पकडून खाली सोडता येईल असा काठीसारखा दांडा त्यांच्याकडे होता, आणि अशा दांड्याने खेळण्यास नियमांची मुभा आहे. गोळ्याच्या दोन्ही अंगांना खुणा असतात, लहान खूण ज्या बाजूला त्या बाजूला गोळा वळणार, एवढे त्यांनी मला समजावले आणि गोळा हातात दिला. पहिले दोन गोळे वळून शेजारच्या पट्टीत गेले. तिसरा जॅकपासून दोन हातांवर थांबला. अनेक वर्षांनी माझ्या अंगाला खेळाचा घाम आला होता.

पण मला सांगायचे आहे ते खेळानंतरचे. सामना संपल्यावर दोन्ही बाजूंनी हस्तांदोलन केले आणि सगळे चहाला एकत्र बसले. तेथे एक गृहस्थ वही घेऊन उभे होते. त्या दिवशी नाव असूनही जे आले नव्हते, अशा दोघांना त्यांनी तेथूनच फोन लावले. एकाला सर्दी झाली होती. दुसऱ्या बाई एकट्या राहत होत्या आणि फोन उचलत नव्हत्या, तेव्हा चहा तसाच ठेवून दोघीजणी त्यांच्या घरी बघून आल्या. बाई ठीक होत्या, झोप लागली होती. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची संख्या आपल्या पेठांतही वाढते आहे. मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशात. आपण आज दिसलो नाही तर संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी लक्षात येईल, असे छातीठोकपणे किती जणांना म्हणता येईल? क्लब म्हणजे काय, हे मला त्या वहीने शिकवले.

या क्लबांचा इतिहास वाचताना मला सर्वांत जास्त खटकला तो एक प्रश्न: खेळायची परवानगी कुणाला होती? इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची हिरवळ १२९९ पासूनची मानली जाते आणि ती आजही वापरात आहे. इतका जुना हा खेळ राज्यकर्त्यांना मात्र पसंत नव्हता, कारण प्रजेने सवडीचा वेळ धनुर्विद्येच्या सरावात घालवावा अशी त्यांची अपेक्षा असे. आठव्या हेन्रीच्या काळातील १५४१ च्या कायद्याने कारागीर, मजूर आणि नोकरचाकर यांना नाताळ सोडून इतर दिवशी बोल्स खेळण्याची मनाई केली, आणि नाताळातही त्यांनी मालकाच्या घरी, मालकाच्या देखतच खेळावे असे ठरवले. ज्यांच्या जमिनीचे उत्पन्न वर्षाला १०० पौंड होते त्यांना स्वतःच्या आवारात खेळण्याचा परवाना मिळे. हा कायदा रद्द झाला १८४५ मध्ये, म्हणजे तीनशे वर्षांनी. स्पॅनिश आरमार दिसल्याची वर्दी आल्यावरही फ्रान्सिस ड्रेकने प्लिमथच्या टेकडीवरचा आपला डाव पुरा केला, ही १५८८ ची कथा या खेळाबरोबर नेहमी सांगतात. ती दंतकथा आहे, आणि त्या मजुरांच्या मनाईपुढे मला ती फिकी वाटते.

खेळ सर्वसामान्यांच्या हाती आला तो प्रामुख्याने स्कॉटलंडमध्ये. किलमारनॉकचा क्लब १७४० चा. पुढे गावोगावी, कापडगिरण्यांच्या आणि खाणींच्या वस्त्यांत हिरवळी झाल्या, नगरपालिकांनी आपल्या उद्यानांत त्या बांधल्या, आणि दिवसभर राबलेला माणूस संध्याकाळी तेथे येऊ लागला. मात्र गावागणिक नियम वेगळे असल्यामुळे एका गावाला दुसऱ्याशी खेळता येईना. १८४८–४९ मध्ये स्कॉटिश क्लबांचे लोक ग्लासगोत जमले आणि त्यांच्या वतीने विल्यम मिचेल यांनी एकसारखे नियम लिहिले. आज जगभर खेळला जाणारा बोल्स मुळात त्याच नियमांवर उभा आहे. त्याच सुमारास आणखी एका गोष्टीने हातभार लावला. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातील एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि त्याची कल्पना त्यांना सुचली होती ती लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून. तोवर हिरवळ राखायची म्हणजे विळा चालवणाऱ्या कसबी माणसांची फौज हवी, जी जहागीरदारालाच परवडे. इचलकरंजीच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला, कापडाच्या यंत्राने एका खेळाचे दार गरिबांना उघडून दिले, ही गोष्ट जवळची वाटावी.

इंग्लंडमध्ये १९०३ साली राष्ट्रीय संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष झाले ते डब्ल्यू. जी. ग्रेस. क्रिकेटचा हा पितामह पन्नाशीनंतर बोल्समध्ये रमला होता. १९३० मध्ये कॅनडातील हॅमिल्टन येथे राष्ट्रकुल स्पर्धांची परंपरा सुरू झाली तेव्हापासून १९६६ चा एक अपवाद वगळता प्रत्येक वेळी हा खेळ त्यांत राहिला आहे. ग्लासगोच्या २०२६ च्या स्पर्धेसाठी खेळांची संख्या दहावर आणताना कुस्ती वगळली गेली, नेमबाजीलाही जागा नाही. खाशाबा जाधवांपासून स्वप्नील कुसाळेपर्यंत ज्या मातीने या दोन खेळांतले ऑलिंपिक पदकविजेते घडवले, तिला याचे दुःख होणारच, आणि मलाही झाले. पण बोल्स त्या दहांत आहे, दिव्यांगांच्या बोल्ससह.

साउदॅम्प्टनच्या त्या जुन्या हिरवळीवर १७७६ पासून एक स्पर्धा होते. ती जिंकणाऱ्याला क्लबापुरती ‘सर’ ही पदवी मिळते, आणि त्यानंतर त्याला त्या स्पर्धेत पुन्हा उतरता येत नाही. पुढच्या वर्षापासून तो उंच टोपी आणि लांब कोट घालून हिरवळीवर उभा राहतो, इतरांच्या गोळ्यांची अंतरे मोजतो आणि निवाडा देतो. हे वाचले आणि मला आपल्या तालमीतले वस्ताद आठवले. लंगोट खुंटीला टांगला तरी पहाटे हौद्याच्या कडेला त्यांची जागा ठरलेली असते. कोणाचा पट चांगला बसतो, कोण खुराकात कुचराई करतो, हे त्यांना न सांगता कळते. जिंकून झालेल्या माणसाला घरी न पाठवता खेळाच्या कडेला मानाने उभे करावे, हे शहाणपण त्या गावाला सुचले तसे आपल्यालाही फार पूर्वीच सुचले होते.

खरे म्हणजे क्लबाची महती कोल्हापूरला सांगायला नको. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपला गेले, रोमचे कलोसियम पाहून आले आणि १९१२ मध्ये येथे खासबाग मैदान उभे राहिले. महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, तालमींना बळ दिले, आणि पुढे या तालमींचा पसारा कुस्तीपलीकडे गेला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींची नावे आज राज्यभर फुटबॉलमुळे माहीत आहेत. पेठेतला गणेशोत्सव तालीम करते, लग्नाला भांडी तालीम देते, मयताला खांदा द्यायला तालमीची पोरे आधी पोहोचतात. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी घरांत शिरले तेव्हा जेवणाची पातेली आणि माणसांना बाहेर काढणारे हात याच मंडळांतून आले. स्कॉटलंडच्या खाणवस्तीतल्या हिरवळीने जे काम केले, त्याहून काकणभर अधिकच काम आपल्या तालमींनी केले आहे, असे मी अभिमानाने म्हणते.

तरीही त्या तालमीच्या उंबऱ्याबाहेरून तिला पाहत वाढलेली मी एक मुलगी आहे. मंगळवार पेठेत आमच्या घरामागेच तालीम होती. भावांना पहाटे पाच वाजता उठवून तेथे पाठवत. शड्डूचे आवाज मला अंथरुणात ऐकू येत, लाल मातीचा तो तेलकट वास भावांच्या अंगाला यायचा, पण आत पाऊल टाकायची मुभा मला नव्हती, आणि कुणाला त्यात काही वावगे वाटतही नव्हते. मला खेळ मिळाला तो शाळेच्या मैदानावर. तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांच्या नेमबाजीने आणि कुस्तीतल्या मुलींनी आता चित्र पुष्कळ बदलले आहे. माझ्या पिढीच्या बायकांना मात्र तो बदल उशिरा मिळाला. विशी-तिशीत घरकामात आणि बाळंतपणात खेळ सुटला, आणि आता हाताशी वेळ आहे तर जागा नाही.

बोल्सच्या क्लबांनीही येथे चूक केली होती, आणि ती सांगितली पाहिजे. बायकांनी खेळायचे ते वेगळ्या वारी, वेगळ्या संघटनेत. चहाफराळाची जबाबदारी मात्र पूर्ण त्यांच्याकडे. इंग्लंडमध्ये बायकांची स्वतंत्र संघटना १९३१ ची, आणि पुरुषांची व बायकांची संघटना एक झाली ती थेट २००८ मध्ये. राष्ट्रकुल स्पर्धेत बायकांना १९८२ पर्यंत थांबावे लागले. त्यानंतर चाळीस वर्षांनी त्याच स्पर्धेतले आपल्या देशाचे बोल्समधले पहिले पदक चार बायकांनी आणले.

दुसरी चूक दार बंद ठेवण्याची. ऑस्ट्रेलियात हा खेळ १८४५ मध्ये होबार्टला पोहोचला, मेलबर्न शहराच्या नावाचा क्लब १८६४ चा आहे आणि अजून चालू आहे. एके काळी तेथे गावागणिक क्लब होता. पुढे सभासदांचे सरासरी वय वाढत गेले, पांढरा शुभ्र पोशाख आणि काटेकोर रिवाज यांमुळे तरुण माणूस फिरकेनासा झाला, आणि हिरवळींच्या मोक्याच्या जमिनींवर घरबांधणी करणाऱ्यांचे लक्ष गेले. कित्येक क्लब बंद पडले किंवा एकमेकांत विलीन झाले. जे टिकले त्यांपैकी अनेकांनी पोशाखाची अट सोडली आणि शेजारपाजारच्या कुणालाही अनवाणी येऊन खेळू दिले. मी पाहिलेल्या क्लबात ८१ वर्षांच्या आजींच्या शेजारच्या पट्टीवर महाविद्यालयातली मुले खेळत होती, आणि मोजपट्टी घेऊन अंतराचा निवाडा द्यायला ती आजींनाच बोलावत होती.

आपल्याकडे ज्येष्ठांसाठी काही केले जात नाही असे मी म्हणणार नाही. आमच्या भागात काही वर्षांपूर्वी आम्ही दहा-बारा जणींनी अर्ज केला तेव्हा एका मोकळ्या तुकड्यावर व्यायामाची लोखंडी यंत्रे बसवून मिळाली. ती भर उन्हात आहेत, आमच्या वयाच्या सांध्यांना त्यांतली बरीचशी मानवत नाहीत, आणि माझ्या एका मैत्रिणीचा खांदा त्यांवर असा लचकला की ती पुन्हा तेथे गेली नाही. आज त्यांना गंज चढला आहे. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण यंत्रावर माणूस एकटा असतो. त्याला कुणाची पाळी बघायची नसते, कुणाशी वाद घालायचा नसतो, आणि तो आला नाही तर यंत्राला ते कळत नाही. बोल्सच्या चौकडीत प्रत्येकाला नेमून दिलेले काम असते: पहिला चटई मांडतो आणि जॅक टाकतो, दुसरा गुण लिहितो, तिसरा अंतर मोजतो, आणि कर्णधार पलीकडच्या टोकाला उभा राहून प्रत्येक गोळा कुठून आणायचा ते सांगतो. चौघांपैकी एक जरी गैरहजर राहिला तरी डाव अडतो. आपल्यावाचून कुणाचे तरी अडते, हे कळण्याने साठीनंतरचे माणूस उठून तयार होते. औषधाच्या डबीने ते होत नाही.

हिरवळ करणे सोपे आहे असा माझा दावा नाही. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. तिच्यावर नुसते गवत पेरले तर दोन महिन्यांत पृष्ठभाग उंचसखल होईल. ही हिरवळ करताना खाली खडीचा थर देऊन पाण्याचा निचरा करावा लागतो, वर वाळूमिश्रित माती घालून ती दाबून सपाट करावी लागते, आणि गवत काही मिलिमीटर उंचीचे राखावे लागते. हिरवळीचा कस सेकंदांत मोजतात: साधारण २७ मीटरवर जाऊन थांबायला गोळ्याला जितका अधिक वेळ लागेल, तितकी ती हिरवळ ‘जलद’. प्रथम हे उलटे वाटते, पण गुळगुळीत जमिनीवर गोळा हलक्या हाताने सोडला तरी पुरतो आणि तो रेंगाळत, वळत जातो, म्हणून वेळ जास्त. न्यूझीलंडच्या हिरवळी यासाठी नावाजलेल्या आहेत, इंग्लंडच्या ओलसर हिरवळी त्यामानाने मंद. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे चार महिने पाणी तुंबण्याचे आणि एप्रिल-मे पाण्याच्या टंचाईचे. म्हणून अनेक देशांत आता वापरतात तसा कृत्रिम पृष्ठभाग येथे अधिक सोयीचा ठरेल, असे मला वाटते. भारतात रांचीला २०११ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बोल्सचे मैदान बांधले गेले आणि त्यानंतर झारखंडमधून खेळाडू पुढे आले, हे आपल्यासमोरचे उदाहरण आहे. महापालिकेच्या ताब्यातील एखादा तुकडा यासाठी राखून ठेवावा आणि त्याची देखभाल एकट्या महापालिकेवर न टाकता आसपासच्या दोन-तीन तालमींकडे सोपवावी, ही माझी विनंती आहे. जागा ज्याची त्याला तिची काळजी असते, हे आपण तालमींच्या बाबतीत पाहिले आहे. सभासद होण्यासाठी वयाची, जातीची, बाईपुरुषाची अट नसावी आणि कारभारी मंडळात निम्म्या बायका असाव्यात, एवढे मात्र पहिल्या दिवशीच कागदावर यावे.

पण हिरवळीची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. या खेळाचा एक घरातला प्रकार आहे. सुमारे १२ ते १४ मीटर लांब आणि पावणेदोन-दोन मीटर रुंद असा जाड गालिचा दालनात अंथरतात, तेच गोळे आणि तोच जॅक वापरतात, आणि खेळ झाला की गालिचा गुंडाळून ठेवतात. असे गालिचे ब्रिटनच्या खेड्यांत सभागृहांमधून हिवाळाभर अंथरलेले असतात. आपल्याकडे अशी सभागृहे गल्लोगल्ली आहेत. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात, म्हणजे बाहेर पाऊस कोसळत असताना आणि ज्येष्ठांना घराबाहेर चालायला जाणे घसरण्याच्या भीतीने अवघड झालेले असताना, नेमके त्याच वेळी आपली मंगल कार्यालये रिकामी असतात. त्यांच्या चालकांना आठवड्यातली एक दुपार जड जाऊ नये. शाळेचे सभागृहही शनिवारी दुपारी मोकळे असते.

मेलबर्नहून निघताना त्या आजींनी त्यांच्या क्लबातला जुना, वापरात नसलेला चार गोळ्यांचा संच मला दिला. सहा किलो वजन होते, मुलीने विमानाच्या सामानात ते कसेबसे बसवले. संच माझ्या कपाटात आहे, एक जॅक आहे, आणि नियम मी मराठीत उतरवून ठेवले आहेत. शिकवायला मी तयार आहे. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ किंवा शुक्रवार पेठेतल्या ज्या तालमीला, शाळेला किंवा कार्यालयाला येत्या चातुर्मासात एका दुपारचे दालन देता येईल, त्यांनी आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयात निरोप ठेवावा, अशी आपल्यामार्फत विनंती करते. पहिल्या दिवशी गालिचा नसला तरी सतरंजी चालेल.

आपली नम्र,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर